सिंक म्हणजे बॅकअप नव्हे : प्रवासातले फोटो सांभाळताना

आजचा विषय तसा घरगुती आहे. प्रवासात आपण फोनवर फोटो काढतो, कॅमेऱ्यावर काढतो, टॅबवर बघतो, लॅपटॉपवर सुधारतो. चार ठिकाणचे हे फोटो एकमेकांशी जुळवायचे कसे, आणि मुख्य म्हणजे गमवायचे नाहीत ते कसे, एवढंच आज बघायचं आहे.

सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो. आम्ही दोघं आणि बाबा लडाखला गेलो होतो. बाबांचा हा पहिलाच हिमालय. नुब्राहून लेहला परत आल्यावर हॉटेलच्या वायफायवर फोनमधले सगळे फोटो टॅबवर आले, कारण दोन्हीकडे खातं एकच होतं. टॅब भरला. आम्ही म्हटलं, फोटो फोनमध्ये आहेतच, मग टॅबवरचे उडवू. उडवले. वर जागा मोकळी व्हावी म्हणून कचरापेटीही रिकामी केली. घरी पोहोचल्यावर कळलं की फोनमधूनही ते गेले होते. पुढच्या दिवाळीला बाबा नव्हते. फ्रेम करायला फोटो शोधायला बसलो, तेव्हा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेले तेवढे सापडले, तेही १२०० बाय १६०० पिक्सेलचे. छपाईला साधारण इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे तो फोटो चांगला छापायचा तर पोस्टकार्डाएवढाच. त्यात अॅपचा दोष काही नव्हता. त्यानं आम्ही सांगितलं तेच केलं. आम्हालाच सिंक म्हणजे काय ते कळलं नव्हतं.

तर सिंक म्हणजे काय? आपल्याकडे म्हण आहे ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तुमचं ऑनलाइन खातं म्हणजे आड. फोन, टॅब, लॅपटॉप हे सगळे पोहरे. नवा फोटो आडात पडला की सगळ्या पोहऱ्यांत येतो, हे आपल्याला आवडतं. पण एका पोहऱ्यातून 'डिलीट' म्हटलं की तो हुकूम आडापर्यंत जातो आणि मग सगळीकडूनच फोटो जातो. बॅकअपचं तसं नाही. बॅकअप ही वेगळी ठेवलेली प्रत असते. इथं काही पुसलं तरी तिच्यावर परिणाम होत नाही.

इथं एका ताईंनी विचारलंय, 'मग फोनमधली जागा मोकळी करायचीच नाही का?' करायची, पण योग्य बटणानं. गूगल फोटोजमध्ये जागा मोकळी करण्याचा वेगळा पर्याय आहे. तो खात्यात पोहोचलेल्या फोटोंची फक्त फोनवरची प्रत काढतो. साधं डिलीट मात्र सगळीकडून काढतं. आयफोनमध्ये जागा वाचवण्याची सेटिंग चालू असेल तर मूळ फोटो आयक्लाउडवर जातो आणि फोनवर लहान प्रत राहते. चूक झालीच तर थोडी मुदत असते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, आयक्लाउडमध्ये ३० दिवस. म्हणून प्रवासात कचरापेटी रिकामी करायची नाही. आमचं नेमकं तिथंच चुकलं.

आता प्रवासातली खरी अडचण बघू. ती म्हणजे नेटवर्क. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि लेह सोडलं की तेही सगळीकडे लागेलच असं नाही. हॉटेलच्या वायफायचा हिशोब करून बघा. कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ एमबीची धरली, तर दिवसाच्या ३०० फोटोंचे साडेसात जीबी होतात. अपलोडचा वेग ५ एमबीपीएस मिळाला, तरी तीन तास वीस मिनिटं लागतात. तेच ४ एमबीचे जेपेग असतील तर अर्ध्या तासात काम होतं. शिवाय फुकटची जागाही मोजकीच. गूगलची १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या सगळ्यांत मिळून असते, आयक्लाउडची ५ जीबी. गूगल फोटोजवरची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आहे. म्हणजे 'सगळं आपोआप वर जाईल' या भरवशावर राहता येत नाही.

मग आम्ही आता काय करतो? रात्री जेवण झालं की पहिलं काम, कार्डावरचे फोटो छोट्या एसएसडीवर कॉपी करायचे. लॅपटॉप नसेल तर कार्ड रीडर लावून फोनमधून किंवा टॅबमधून. कॉपी झाल्यावर मधले चार-पाच फोटो एसएसडीवरूनच उघडून बघायचे. एसएसडी कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवायची नाही, दुसऱ्याच्या सॅकमध्ये ठेवायची. एक बॅग हरवली तरी एक प्रत उरते. कार्ड पुसायचं नाही, ते भरलं की दुसरं घालायचं. आणि वायफाय मिळालं की निवडक पन्नासेक जेपेग वर चढवायचे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ नियम हाच आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी.

आता एडिटिंगकडे वळू. आजची बहुतेक अॅप मूळ फोटोला हात लावत नाहीत. उजेड किती वाढवला, कुठं कापलं याची फक्त कृती लिहून ठेवतात. स्वयंपाकाच्या वहीसारखंच, कृती बदलली तरी डब्यातलं धान्य तेच राहतं. लाइटरूम क्लासिकमध्ये तर लांब बाजूला २५६० पिक्सेलची हलकी प्रत घेऊन काम करता येतं आणि मूळ फाइल घरच्या डिस्कवर राहते. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, एका अॅपची कृती दुसऱ्या अॅपला सहसा वाचता येत नाही. फोनमधल्या अॅपवर केलेली सुधारणा लॅपटॉपवरच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसायची तर तयार जेपेग काढूनच न्यावा लागतो. दुसरी, नेट नसताना तोच फोटो फोनवरही सुधारला आणि लॅपटॉपवरही, तर नेट आल्यावर कुठली कृती खरी मानायची हा घोळ होतो. म्हणून एडिटिंगचं यंत्र एकच ठरवा.

आणि रंगांचं काम घरी येईपर्यंत राहू द्या. पँगाँगच्या काठी, १४,००० फुटांच्या आसपासच्या उन्हात फोनचा पडदा पूर्ण उजळलेला असतो. त्यावर बरोबर वाटलेला फोटो घरी काळपट दिसतो. रात्री पडदा पिवळसर करणारी सेटिंग चालू असेल तर रंग उलट्या बाजूला फसतात. प्रवासात निवड करा, वाकडं क्षितिज सरळ करा. एवढं पुष्कळ झालं.

एक छोटी युक्ती घड्याळाची. फोन आपली वेळ आपणच लावून घेतो, बऱ्याच कॅमेऱ्यांना ते जमत नाही. जपानला गेलात तर साडेतीन तासांचा फरक पडतो आणि दोन्हीकडचे फोटो एकत्र केले की दुपारचं सकाळी दिसतं. पहिल्याच दिवशी फोनवरच्या घड्याळाचा कॅमेऱ्यानं एक फोटो काढून ठेवा. फरक किती ते त्यातून कळतं आणि घरी सगळ्या फोटोंची वेळ एका झटक्यात सरकवता येते.

शेवटी एक गृहपाठ. आज रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद करा, आणि तुम्हाला सगळ्यांत जपावेसे वाटणारे तीन जुने फोटो उघडून मोठे करून बघा. नीट उघडले, तर ते फोनवर आहेत. धूसर राहिले किंवा उघडलेच नाहीत, तर ते फक्त आडात आहेत. दोन्ही वेळी पुढचा प्रश्न एकच : याची दुसरी प्रत कुठं आहे? उत्तर सापडलं नाही, तर उद्याच ती प्रत करा. आमच्यासारखं फ्रेम करायची वेळ येईपर्यंत थांबू नका.