ग्रंथांच्या आधारे पुन्हा जुळलेला स्नेह : ॲडम्स-जेफर्सन पत्रव्यवहाराचा एक विचार

पत्रवाङ्मयाकडे आपण बहुधा चरित्राचे साधन म्हणून पाहतो. पत्रात कोणत्या घटनेचा उल्लेख आहे, कोणत्या व्यक्तीविषयी काय मत व्यक्त झाले आहे, एवढे टिपून घेतले की आपले काम झाले असे अभ्यासकास वाटते. परंतु दोन वृद्ध मित्र दीर्घ अबोल्यानंतर एकमेकांस पुन्हा लिहू लागतात आणि पानेच्या पाने आवडत्या-नावडत्या ग्रंथांविषयी बोलत राहतात, तेव्हा ती ग्रंथचर्चा केवळ म्हातारपणचा विरंगुळा मानून बाजूस सारणे योग्य होईल काय? अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स (१७३५-१८२६) व तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन (१७४३-१८२६) यांच्या उत्तरायुष्यातील पत्रव्यवहाराच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. स्नेह आणि अबोला

या दोघांचा परिचय १७७५ साली फिलाडेल्फिया येथील काँग्रेसमध्ये झाला. पुढील वर्षी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा करण्यासाठी नेमलेल्या समितीत दोघेही होते. १७८४ नंतर दोघे राजनैतिक कामगिरीवर यूरोपात असताना हा स्नेह कौटुंबिक झाला. १७८६ च्या एप्रिलमध्ये त्यांनी मिळून इंग्लंडमधील उद्याने पाहिली व स्ट्रॅटफर्ड येथे शेक्सपिअरच्या घरासही भेट दिली. तेथे दाखविण्यात येणाऱ्या जुन्या खुर्चीचा एक कपचा आपण रिवाजाप्रमाणे काढून घेतला, अशी नोंद ॲडम्सच्या रोजनिशीत आहे.

पुढील दशकात पक्षभेद तीव्र झाले. १८०० च्या निवडणुकीत जेफर्सनने ॲडम्सचा पराभव केला आणि ४ मार्च १८०१ रोजी, नव्या अध्यक्षांच्या शपथविधीस न थांबता, ॲडम्स पहाटेच राजधानी सोडून गेला. त्यानंतर दोघांची भेट कधीच झाली नाही. १८०४ मध्ये जेफर्सनची कन्या निवर्तली तेव्हा ॲबिगेल ॲडम्सने सांत्वनाचे पत्र धाडले; परंतु त्यातून सुरू झालेल्या पत्रापत्रीत जुनी भांडणे उकरून निघाली आणि काही महिन्यांतच ती थांबली. हा अनुभव ध्यानात ठेवण्याजोगा आहे. दुखावलेल्या मनांनी थेट दुखण्याविषयीच बोलू पाहिले, की बोलणे बंद पडते, असे त्यावरून दिसते.

२. घरच्या विणीचे दोन नग

उभयतांचा मित्र व फिलाडेल्फियाचा विख्यात वैद्य बेंजामिन रश याने १८०९ पासून दोघांकडे शिष्टाई चालविली होती. अखेर १ जानेवारी १८१२ रोजी ॲडम्सने एक लहानसे पत्र लिहिले. त्यात तक्रार नाही, खुलासा नाही, क्षमायाचनाही नाही. आपण देशी कारखानदारीचे पुरस्कर्ते आहात, म्हणून आमच्या बाजूस नुकतेच तयार झालेले घरच्या विणीचे दोन नग टपालाने पाठवीत आहे, अशा आशयाचा मजकूर आहे. ते नग म्हणजे वस्तुतः ॲडम्सचा पुत्र जॉन क्विन्सी याने हार्वर्ड येथे वक्तृत्वशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानांचे, १८१० साली प्रसिद्ध झालेले दोन खंड होते. पॅरिसमधील वास्तव्यात जेफर्सनने या मुलाला माया लावली होती.

पत्र आधी पोचले, पुडके मागे राहिले. जेफर्सनने विनोद शब्दशः घेतला आणि २१ जानेवारीच्या उत्तरात व्हर्जिनियातील घरोघरच्या सूतकताईचे व विणकामाचे सविस्तर वर्णन केले. मग त्याच पत्रात तो जुन्या दिवसांकडे वळला. एकाच नावेत बसून आपण दोघांनी वल्ही मारली, याची आठवण त्याने काढली. वर्तमानपत्रे सोडून आपण टॅसिटस व थ्यूसिडिडीस, न्यूटन व यूक्लिड यांच्याकडे वळलो आहोत आणि त्यात अधिक सुखी आहोत, असेही कळविले. पुस्तके हाती येताच दोन दिवसांनी त्याने दुसरे पत्र धाडले.

या प्रारंभात ग्रंथाने नेमके काय केले? भेट म्हणून ग्रंथ पाठविणाऱ्यास प्रथम कोण चुकले हे सांगावे लागत नाही, आणि घेणाऱ्यासही अभिप्राय देण्यापलीकडे काही कबूल करावे लागत नाही. दोघांचाही मान राखून उत्तराची वाट मोकळी होते. जी वाट सांत्वनाच्या पत्राने उघडली नाही, ती व्याख्यानांच्या दोन खंडांनी उघडली.

३. तिसऱ्याच्या शब्दांतून वाद

१८१२ ते १८२६ या काळात उभयतांत १५८ पत्रे लिहिली गेली. पैकी १०९ ॲडम्सची व ४९ जेफर्सनची होत. परस्परांस आपली भूमिका समजावून सांगितल्याविना आपण दोघांनी मरता कामा नये, असे ॲडम्सने जुलै १८१३ मध्ये लिहिले. हे समजावून सांगणे पुष्कळदा ग्रंथांच्या आधाराने झाले, हा आपल्या विवेचनाचा मुख्य मुद्दा होय.

त्याच वर्षीचा अभिजनसत्तेविषयीचा वाद पाहावा. ॲडम्सने प्राचीन ग्रीक कवी थिओग्निस पुढे केला. मेंढे, गाढव व घोडे यांची पैदास करताना लोक उत्तम वाण शोधतात, विवाह करताना मात्र संपत्ती पाहतात, हे त्या कवीचे म्हणणे. यावरून संपत्ती, कुल व रूप यांचा प्रभाव कोणत्याही राज्यव्यवस्थेतून जावयाचा नाही, असा निष्कर्ष ॲडम्सने काढला. जेफर्सनने २८ ऑक्टोबर १८१३ च्या उत्तरात तेच वचन घेऊन सद्गुण व बुद्धिमत्ता यांवर आधारलेली नैसर्गिक श्रेष्ठता आणि धन व जन्म यांवर आधारलेली कृत्रिम श्रेष्ठता असा भेद केला. मतभेद तोच होता, ज्यावरून एके काळी पक्ष फुटले होते; परंतु आता मध्ये एक कवी उभा होता आणि दोघेही एकमेकांवर नव्हे, त्याच्या वचनावर भाष्य करीत होते. वाद मिटला नाही, तरी स्नेहही तुटला नाही.

मतैक्याचा आनंदही ग्रंथांनीच दिला. जुलै १८१४ मध्ये जेफर्सनने कळविले की, प्लेटोचे ‘रिपब्लिक’ आपण निवांतपणे वाचून काढले आणि जगाने त्याची एवढी थोरवी का मानली याचे नवल वाटले. ॲडम्सने हर्षभराने उत्तर दिले. लॅटिन, इंग्रजी व फ्रेंच भाषांतरे मूळ ग्रीकशी ताडून पाहत आपण पूर्वी सगळा प्लेटो वाचला, आणि त्यातून दोनच गोष्टी शिकलो : युद्धात शेतकरी, खलाशी इत्यादिकांस उपद्रव देऊ नये ही फ्रँकलिनची कल्पना उसनी होती ही एक, व शिंकेने उचकी थांबते ही दुसरी! प्लेटोविषयीचा हा निवाडा न्याय्य आहे असे कोणी म्हणणार नाही. पण दोन म्हाताऱ्यांना एकत्र हसता आले, हे त्याचे मोल.

टॅसिटस व थ्यूसिडिडीस यांच्या उल्लेखावर ॲडम्सने दिलेले उत्तर मात्र गंभीर आहे. हे ग्रंथ आपण आयुष्याच्या इतक्या निरनिराळ्या काळी वाचले की, ते आता स्वतःच्या काळाचा व स्वतःच्या आयुष्याचा इतिहास वाटतात, असे तो सांगतो. आवडत्या ग्रंथाचे पुनर्वाचन म्हणजे वाचकाचे स्वतःस मोजून पाहणे होय. जुन्या मित्रास त्याविषयी लिहिणे म्हणजे, मधल्या वर्षांत आपण काय झालो, हे त्यास न सांगता सांगणे होय.

४. कसोटी आणि मर्यादा

हा संवाद सुलभ नव्हता. ॲडम्सचा हात कापत असे, जेफर्सनचे मनगट १७८६ मधील दुखापतीपासून अधू होते. एकट्या १८२० साली आपणांस १,२६७ पत्रे आल्याची गणना जेफर्सनने पुढे ॲडम्सलाच कळविली. तरीही हा क्रम सुटला नाही. ब्रिटिश सैन्याने १८१४ मध्ये काँग्रेसचे ग्रंथालय जाळल्यावर जेफर्सनने आपला ६,४८७ ग्रंथांचा संग्रह २३,९५० डॉलरांस राष्ट्रास दिला. तथापि ग्रंथांविना आपणांस जगवणार नाही, असे ॲडम्सला लिहून तो लगेच नवा संग्रह करू लागला.

खरी कसोटी १८२३ साली लागली. ॲडम्सने अबोल्याच्या काळात तिसऱ्याच एका गृहस्थास लिहिलेली, जेफर्सनविषयी कठोर उद्गारांनी भरलेली पत्रे त्या वर्षी छापली गेली. जेफर्सनने आपण होऊन लिहिले की, अर्धशतकाचा स्नेह अशाने ढळणार नाही. ॲडम्सने ते पत्र घरच्या मंडळींसमोर न्याहारीच्या वेळी वाचवून घेतले.

तथापि एक बाजू दृष्टिआड करता येत नाही. जेफर्सनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. ॲडम्सने एकही गुलाम कधी बाळगला नाही. मिसूरीच्या प्रश्नानिमित्त १८२१ च्या आरंभी हा विषय पत्रांत निघाला. गुलामगिरी अर्धशतक देशावर काळ्या ढगासारखी लोंबत आहे, असे ॲडम्सने लिहिले, पण तो प्रश्न दक्षिणेच्या लोकांवर सोपविल्याचेही सांगून टाकले. थिओग्निसवर जी चिकाटीची चर्चा झाली, ती येथे झाली नाही. दोघेही ४ जुलै १८२६ या एकाच दिवशी वारले आणि पुढील जानेवारीत जेफर्सनच्या मॉन्टिसेलो येथील गुलामांचा लिलाव झाला.

सारांश, ग्रंथचर्चेने तुटलेला स्नेह सांधता येतो, मतभेद सोसता येतात आणि स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मित्रापुढे मांडता येतो. परंतु जो प्रश्न मित्राच्या दाराशीच उभा आहे, तो टाळण्याची सोयही तीच चर्चा करून देते. म्हणून अशी पत्रे वाचताना कोणत्या ग्रंथांविषयी किती लिहिले गेले याबरोबरच, कोणत्या विषयापाशी लेखणी थबकली, हेही अभ्यासकाने नोंदविले पाहिजे.