बेस गिटार घेताना अ‍ॅम्प्लिफायर विसरू नका
बँडचे स्वप्न पाहणारा नवशिका बहुधा सगळे पैसे बेस गिटारवर घालवतो आणि ती घरातल्या साध्या गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडतो. घात होतो तो इथेच. बेसच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झ. साध्या गिटारहून एक सप्तक खाली. मोठ्या आवाजात तो वाजला, तर त्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर फाटू शकतो. म्हणून निम्मी रक्कम बेससाठीच बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी राखावी. घरच्या सरावाला २०-२५ वॅट पुरतात. ड्रमसोबत वाजवायचे, तर किमान १०० धरावेत. गिटार मात्र वापरलेली खुशाल घ्यावी. नेक पिळलेली नाही ना, प्रत्येक फ्रेटवर स्वर स्वच्छ उमटतो ना, एवढे दुकानात बसून, निःसंकोचपणे, वाजवून पाहावे.