परसातील घराची आखणी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. तिच्यातील दुसऱ्या गोष्टीचा अनुभव मी अकरा वर्षांपूर्वी घेतला. पहिलीचा सध्या घेत आहे. गोव्यातील आमचे वडिलोपार्जित घर रस्त्याला लागून आहे. दोन वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या तेव्हा पुढचे जुने घर काकांकडे गेले आणि मागचे परस आमच्या वाट्याला आले. वाटण्या गोडीगुलाबीने झाल्या, हे मी आमच्या घराण्याचे भाग्य समजतो. आता त्या परसात सात माणसांसाठी घर उभे करावयाचे आहे. आजी, आई-बाबा, मी, माझी पत्नी आणि आमची दोन मुले, अशा चार पिढ्या त्यात नांदणार. आणि जागा मात्र पूर्व-पश्चिम १८ मीटर व दक्षिणोत्तर १४ मीटर, म्हणजे अवघी २५२ चौरस मीटर. ती चहूकडून इतरांच्या घरांनी वेढलेली, आणि तिच्याकडे जाणारी पाणंद फक्त १.२ मीटर रुंदीची.

मी कला शाखेचा पदवीधर. स्थापत्याशी माझा संबंध वर्गाच्या भिंतींपुरताच. त्यामुळे जी चूक सगळे करतात तीच आम्हीही केली. एका रविवारी सर्वजण चौरसांचा कागद घेऊन बसलो आणि ज्याने त्याने आपापल्या खोल्या मांडल्या. बाबांना बैठकीची खोली हवी, आईला प्रशस्त स्वयंपाकघर, मुलांना अभ्यासिका, पाहुण्यांना निराळी खोली. संध्याकाळपर्यंत अकरा खोल्या झाल्या आणि कागद संपला. थोडी कुरबुरही झाली. दुसऱ्या दिवशी तो कागद अभियंत्यांना दाखविला, तेव्हा ते हसून म्हणाले, “काय बांधायचे ते मग पाहू. काय बांधायचे नाही, ते आधी सांगा.”

या एका वाक्याने आमची आखणी पालटली. अडचणीच्या जागेत घर बांधताना आधी मोकळी जागा ठरवावी लागते. खोल्यांचा विचार तिच्यामागून येतो. ही मोकळी जागा तीन कामांसाठी लागते : माणसांच्या येण्याजाण्यासाठी, पाण्याच्या येण्याजाण्यासाठी आणि उन्हावाऱ्याच्या येण्याजाण्यासाठी.

पहिली गोष्ट वाटेची. आमच्याच वाड्यावर मागच्या अंगाला एक घर आहे. एका आषाढात तेथील वृद्ध गृहस्थांना मध्यरात्री छातीत कळा येऊ लागल्या. रुग्णवाहिका वेळेवर आली, पण ती रस्त्यावरच थांबली. पाणंदीत तिचे चाक शिरणे शक्य नव्हते. चौघांनी त्यांना खुर्चीवर बसवून भर पावसात बाहेर आणले. त्या खुर्चीचा एक पाय माझ्या हाती होता. पाणंद इतकी अरुंद की दोघांना शेजारी शेजारी चालता येईना. भिंतीला खांदे घासत, एकेक पाऊल टाकत आम्ही निघालो. ते गृहस्थ वाचले. परंतु त्या रात्री मला जे कळले ते कोणत्याही पुस्तकातून कळले नसते. वाट अरुंद असेल, तर त्या घरात म्हातारपण आणि आजारपण या दोन्ही गोष्टी दुप्पट जड होतात.

म्हणून आम्ही ३ मीटर रुंदीची वाट धरली. त्यातील १.२ मीटर आमच्या हक्काची, उरलेली १.८ मीटर काकांच्या बाजूने हवी होती, आणि तेथे त्यांची सरपणाची जुनी पडवी उभी होती. मी बिचकत बिचकत विषय काढला. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पडवी मी काढतो. पण विहीर तुझ्या वाट्यात गेली आहे, हे विसरू नकोस.” सौदा दोन वाक्यांत झाला : वाट त्यांच्या जमिनीतून आमच्यासाठी, पाणी आमच्या विहिरीतून त्यांच्यासाठी. तथापि तो तोंडी ठेवला नाही. चुलता-पुतण्यात असलेला विश्वास पुढच्या पिढीतील भावाभावांत तसाच राहील, असे कोणी सांगावे? वाटेची रुंदी, विहिरीचा वापर, दोन्हींच्या दुरुस्तीचा खर्च, हे सारे लिहून आम्ही उपनिबंधक कार्यालयात नोंदविले. लिहून ठेवणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे. उलट त्यामुळे भांडणाला कारणच उरत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १०,००० लिटर पाणी खाली येते. एक मोठा टँकर भरावा इतके. आजवर हे पाणी परसातील माती मुकाट्याने पिऊन टाकीत होती. उद्या तेथे छप्पर आले की ते आपल्या पागोळ्यांवाटे शेजाऱ्याच्या भिंतीवर जाणार. आमच्या जमिनीचा उतार पूर्वेकडे आहे. तो धरून, १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर या प्रमाणात, उत्तरेच्या हद्दीने एक उघडी मोरी काढून ती ईशान्य कोपऱ्यातून वाडीतील सामाईक पाटात सोडायची असे ठरले. १८ मीटर लांबीत ती १८ सेंटिमीटर उतरते, हे गणित माझ्या मुलीनेच मांडले.

सांडपाण्याचा प्रश्न याहून नाजूक. विहीर आमच्या जागेच्या वायव्य कोपऱ्यात आहे. मलटाकीचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर दूर असावा असा दंडक आहे. मातीत झिरपणारे घाण पाणी काही अंतर चालल्यावरच गाळले जाते. त्याआधीच विहीर लागली तर रोग थेट घागरीत येतो. आमच्या चिमुकल्या जागेत १८ मीटर आणायचे कोठून? ते कर्णावर मिळाले. हद्दीपासून दीड दीड मीटर आत धरून वायव्येची विहीर आणि आग्नेयेचा खड्डा यांमधील अंतर १८.६ मीटर भरते. पायथागोरसच्या सिद्धांताचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. शिवाय जमीन पूर्वेला उतरत असल्याने हे पाणी विहिरीपासून दूरच जाईल. हे मोजताना काकांचा जुना खड्डाही मोजला, तो विहिरीपासून १२ मीटरच निघाला. इतकी वर्षे आम्ही ते पाणी उकळून का होईना, पीत होतो! तो खड्डा रस्त्याच्या बाजूला हलवावयाचे ठरले. खर्च निम्मा निम्मा.

तिसरी गोष्ट उन्हावाऱ्याची. गोव्यातील जुन्या मोठ्या घरांच्या मध्यभागी राजांगण असे. चारी बाजूंनी सोपे, मधोमध उघडे आकाश आणि त्याखाली तुळशीवृंदावन. आमच्या बाबांना तसेच राजांगण हवे होते. परंतु परवानगीसाठी चारही बाजूंनी ३ मीटर सोडले की आमच्या हाती बांधकामाला १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद एवढाच तुकडा उरतो. त्याच्या पोटात अंगण काढले तर ते अंगण न राहता धुराडे होईल. तेव्हा आम्ही अंगण घराच्या पोटातून काढून कुशीत घेतले. आग्नेयेकडील ५ मीटर बाय ४ मीटरचा कोपरा बांधावयाचा नाही, घर काटकोनात वळवावयाचे. म्हणजे तो कोपरा आणि हद्दीलगत सक्तीने सोडलेल्या पट्ट्या एकत्र येऊन ८ मीटर बाय ७ मीटरचे सलग अंगण मिळते. नियमाने सोडावी लागणारी जागा अशा रीतीने फुकट न जाता घराच्या कामी येते.

हे अंगण आग्नेयेलाच का, याचेही गणित आहे. गोवा सुमारे साडेपंधरा उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे दक्षिणेला सुमारे ५१ अंशांवर असतो. तेव्हा एक मीटर उंचीच्या काठीची सावली सुमारे ८० सेंटिमीटर पडते. दक्षिणेच्या शेजाऱ्यांचे घर ७ मीटर उंच असून हद्दीपासून ३ मीटर आत आहे. त्याची सावली सुमारे साडेपाच मीटर पडेल, म्हणजे आमच्या अंगणात अडीच-पावणेतीन मीटर येईल. उरलेल्या चार मीटरांवर थंडीतले ऊन राहील. हेच अंगण घराच्या उत्तरेला घेतले असते, तर थंडीत ते आमच्याच दुमजली घराच्या सावलीत झाकोळून गेले असते. उन्हाळ्यात दुपार कलली की पश्चिमेकडील दुमजली भागाची छाया अंगणात उतरते आणि संध्याकाळी तेथे बसता येते.

मोकळ्या जागा अशा ठरल्या, तेव्हा खोल्यांचे भांडण आपोआप निम्मे मिटले. उरलेले अर्धे मिटविण्यासाठी आम्ही एक नियम केला : ज्याला सर्वांत कमी चालवते, त्याने पहिली जागा निवडावी. आजी ८३ वर्षांची आहे. अंगणाच्या उत्तरेकडील एकमजली भाग तिचा. तिच्या खोलीला लागूनच न्हाणीघर. दारे ९० सेंटिमीटर रुंद, उंबरठा जमिनीशी सपाट, न्हाणीत धरावयाला भिंतीतला दांडा. पावसामुळे जोते ४५ सेंटिमीटर उंच ठेवणे भाग आहे. तेवढी उंची चाकाच्या खुर्चीने चढावयाची तर एकास बारा या उताराने ५.४ मीटर लांबीचा चढ लागतो. तो अंगणाच्या कडेने बसतो. आज आजी काठी टेकीत चालते. उद्या त्या चढाची गरज बाबांना लागेल आणि पुढे केव्हातरी मला.

पश्चिमेकडील मोठ्या भागात खाली वसरी, स्वयंपाकघर आणि आई-बाबांची खोली. वर आम्ही आणि मुले. मजल्याची उंची ३.२ मीटर, म्हणून १६ सेंटिमीटरच्या वीस पायऱ्या. मध्ये विसाव्याचा टप्पा. चूल एक की दोन, यावर बरीच चर्चा झाली. अखेर चूल एकच ठेवली, पण वरच्या मजल्यावर चहापुरता कट्टा ठेवला. माझ्या पत्नीने एकच मागणे केले : आतून कडी लावता येईल आणि दार ठोठावल्यावाचून कोणी आत येणार नाही, अशी एक खोली. आईला प्रथम ते थोडे लागले. मग तीच म्हणाली, “मला हे कधी मिळाले नाही, म्हणून तिलाही मिळू नये असे थोडेच आहे?” एकत्र राहण्याइतकीच वेगळे बसण्याचीही सोय घरात असावी लागते. मुलांच्या अभ्यासाचे मेज जिन्याच्या टप्प्याशी, खिडकीखाली ठेवले आहे. स्वयंपाकघरातून हाक मारली की ऐकू जाते, पण बैठकीतील गप्पा तेथे पोचत नाहीत. आजीच्या भागावर आज मजला नाही. पाया मात्र तो पेलण्याजोगा घातला जाईल, म्हणजे मुलांच्या पिढीला अंगण मोडावे लागणार नाही.

आराखडा पंचायतीकडे व नगरनियोजन खात्याकडे पाठविण्यापूर्वी आम्ही आणखी एक गोष्ट केली; तिची शिफारस मी सर्वांना करीन. परसात चुन्याची फक्की टाकून सगळ्या खोल्या खऱ्या मापाने जमिनीवर आखल्या. सर्वजण दाराने आत गेलो, दाराने बाहेर आलो. मुलांनी जिना दोनदा चढल्याचा अभिनय केला. आजीसाठी तिच्या खोलीत खुर्ची ठेवली. ती बसली, मान वळवून पाहू लागली आणि म्हणाली, “इथून वाट दिसत नाही.” कागदावर हे कोणालाच दिसले नव्हते. तिची खिडकी आम्ही मीटरभर पूर्वेला सरकविली आणि तिची तळकड साठ सेंटिमीटरवर आणली, जेणेकरून खाटेवर पडूनही शाळेतून येणारी पतवंडे तिला दिसावीत. खडूची रेघ पुसून दुसरी मारावयाला काहीच खर्च येत नाही. चिऱ्यांची भिंत हलवावयाची म्हटली तर वर्षाची शिल्लक जाते.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुटीत एक उपक्रम करा. दोरी आणि मोजपट्टी घ्या, आपले घर मोजा आणि एका मीटरला दोन सेंटिमीटर या प्रमाणात चौरसांच्या कागदावर काढा. त्यावर विहीर किंवा नळ, मोरी, ऊन येण्याची बाजू आणि वाऱ्याची बाजू दाखवा. २२ डिसेंबरला दुपारी अंगणात मीटरभर काठी उभी करून सर्वांत आखूड सावली मोजा. मग घरातील सर्वांत वयोवृद्ध माणसाला विचारा, या घरात त्यांना कोठे अडचण होते. त्यांचे उत्तर त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवा. आमच्या घराचा पाया मार्गशीर्षात घालावयाचा आहे. तोवर फक्कीच्या रेघा पावसाने धुऊन गेल्या तरी त्या पुन्हा मारण्याचे काम मुलांनी आपल्याकडे घेतले आहे.