कच्च्या तेलाची पारख

वसमतच्या मोंढ्यात नुसती 'हळद' कधी विकली जात नाही. विकली जाते ती अमक्या ढिगाची हळद. व्यापारी कांडी मोडून आतला रंग पाहतो, ओल अजमावतो आणि मगच भाव बोलतो. शेजारी शेजारी पडलेल्या दोन ढिगांना दोन भाव मिळाले तर कुरुंद्याच्या शेतकऱ्याला त्याचे नवल वाटत नाही. पण खनिज तेलाविषयी बोलताना आपण सारेच, चांगले शिकलेलेसुद्धा, 'तेल' हा एकच शब्द वापरतो आणि वर्तमानपत्रात पिंपाला इतके डॉलर एवढे वाचून समाधान पावतो. वास्तविक जमिनीतून निघणाऱ्या तेलाच्या जाती हळदीहून किती तरी अधिक आहेत. कोणते तेल पाण्यासारखे पातळ, तर कोणते काकवीसारखे दाट. कोणाला गंधकाची घाण येते, तर कोणी थंडीत थिजून बसते. हे तेल नळातून नेताना आणि कारखान्यात शुद्ध करताना त्याची पारख कशी करतात व त्याचा गुण कसा राखतात, हा आजचा आपला विषय.

साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्यांना 'उतारा' हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. ऊस दिसायला सारखाच, पण शंभर किलोला साखर किती पडते यावर त्याची किंमत. तेलालाही असाच उतारा असतो. कच्चे तेल भट्टीत तापवून उंच मनोऱ्यात सोडले म्हणजे हलके घटक वाफेच्या रूपाने वर चढतात, जड घटक खाली राहतात. निरनिराळ्या उंचीवर पेट्रोल, केरोसीन, डिझेल वेगळे काढून घेतात आणि तळाशी डांबरासारखा राहाळ उरतो. कोणत्या तेलातून काय किती उतरेल, हे प्रयोगशाळेत आधीच पाहून ठेवतात. उतारा, घनता, गंधक, मीठ, पाणी, मेण, आम्लता यांची नोंद असलेला तो कागद म्हणजे त्या तेलाची जन्मपत्रिकाच. ही पत्रिका मात्र खोटी निघून चालत नाही.

आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घेऊ. मुंबईच्या माहुल-तुर्भे भागात १९५४ आणि १९५५ साली दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. पहिला स्टँडर्ड व्हॅक्यूम कंपनीचा, दुसरा बर्मा-शेलचा. आज ते हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी चालतात. त्यांच्यासाठी तेल येई ते मुख्यतः इराणच्या आखाताकडून. पुढे १९७४ साली मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, भर समुद्रात, आपले स्वतःचे तेल सापडले. तेच मुंबई हाय. १९७६ साली तेथून तेल निघू लागले आणि १९७८ पासून ते समुद्रतळावरच्या सुमारे २०० किलोमीटर लांबीच्या नळातून उरणला येऊ लागले.

हे तेल जातीचे उत्तम. हलके, आणि गंधक पाव टक्क्याहूनही कमी. पण त्यात मेण फार. थंडीच्या दिवसांत आपल्याकडे खोबरेल तेलाची बाटली पालथी केली तरी थेंब पडत नाही, तसे मुंबई हायचे तेल ३० अंश सेल्सिअसच्या आसपासच थिजू लागते. विहिरीतून ते गरम निघते. समुद्रतळाच्या नळातून येताना निवत जाते आणि मेणाचे पापुद्रे नळाच्या आतल्या अंगाला धरू लागतात. नळ आतून अरुंद होत जातो. प्रवाह बंद पडून तेल आत थिजले, तर ते पुन्हा हलवणे मोठ्या मुश्किलीचे. यावर दोन उपाय. एक, तेलात असे रसायन थोडेसे घालतात की मेणाचे कण एकमेकांत गुंतून जाळे करीत नाहीत. दुसरा, नळात त्याच्या मापाचा एक बोळा सोडतात. मागच्या तेलाच्या दाबाने तो पुढे सरकतो आणि भिंती खरवडीत जातो. इंग्रजीत या बोळ्याला डुकराचे नाव पडले आहे. आपल्याकडचे तंत्रज्ञही त्याला 'पिग'च म्हणतात. आसामचे तेलही असेच मेणकट. तेथे त्याला आधी चांगले तापवून मग ठरावीक गतीने निववीत, म्हणजे मेणाचे स्फटिक वेगळ्या घाटाचे बनून तेल वाहते राही.

मेणाचा त्रास डोळ्यांना दिसतो. मिठाचे तसे नाही. भूगर्भात तेलाच्या जोडीला खारे पाणी असतेच, आणि त्याचे सूक्ष्म थेंब तेलात अडकून येतात. भट्टीत या पाण्यातली मॅग्नेशियमची आणि कॅल्शियमची लवणे फुटतात व हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ तयार होते. ती वाफ असेपर्यंत फारसे बिघडत नाही. पण मनोऱ्याच्या माथ्यावर गारवा लागून पाण्याचे पहिले थेंब जमतात, त्यांत हे आम्ल विरघळते आणि नेमके तेथेच पोलाद खाल्ले जाते. म्हणून भट्टीच्या आधी तेल धुऊन घेतात. तेल धुणे हे ऐकायला विचित्र वाटेल, पण रीत साधी आहे. तेल सुमारे १२० ते १४० अंशांपर्यंत तापवून दाबाखाली त्यात शेकडा चार-सहा भाग गोडे पाणी मिसळतात. मीठ त्या पाण्यात उतरते. मग हजारो व्होल्ट विजेच्या प्रभावाने बारीक थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात आणि तळाशी बसतात. ताक घुसळताना लोण्याचे कण एकत्र येतात, तसेच हे. फक्त लोणी वर येते आणि येथे पाणी खाली जाते.

गंधकाचे प्रकरण दीर्घ आहे, पण एक मौज सांगितल्यावाचून राहवत नाही. साखर कारखाना गंधक विकत घेऊन उसाच्या रसाला त्याची धुरी देतो. तेल कारखाना तोच गंधक तेलातून काढून विकतो. आखातातल्या जड तेलात गंधक शेकडा दोन-तीन भागसुद्धा असते. भारतात १ एप्रिल २०२० पासून पेट्रोल-डिझेलमध्ये दहा लाख भागांत १० भागांपेक्षा अधिक गंधक चालत नाही. म्हणजे आत काय येते आणि बाहेर काय जायला हवे, यांत हजारो पटींचे अंतर आहे, आणि ते हायड्रोजन खर्चून कापावे लागते. आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी साडेआठ आण्यांनी नव्हे, शेकडा पंचाऐंशी भागांहून अधिक तेल बाहेरून आणतो. तेव्हा कोणते तेल कोणत्या भावाने घ्यायचे, हा हिशेब देशाच्या तिजोरीचाच आहे.

आता मिसळणीकडे वळू. माझ्या मते या विषयाचे मर्म येथेच आहे. कारखान्याला एकच तेल क्वचितच मिळते. स्वस्त जड तेलात महाग हलके तेल मिसळून तो आपल्या यंत्रांना मानवेल असे मिश्रण करतो. दूधही चांगले आणि लिंबूही चांगले, पण दोन्ही एकत्र केली की दूध नासते. तेलांचेही असेच होते. डांबरी अंश धरून ठेवणाऱ्या जड तेलात मेणकट हलके तेल जास्त पडले की तो डांबरी अंश सुटून टाकीच्या तळाशी आणि तापनळ्यांत चिकटतो. दोन्ही तेले आपापल्या जागी निर्दोष होती! म्हणून प्रयोगशाळेत आधी चार-दोन बाटल्यांत मिश्रण करून पाहतात आणि मगच टाकीत तेल सोडतात.

अनेक मालकांचे तेल एकाच नळातून जाते, तेव्हा तंटा निराळाच. गावच्या दूध केंद्रावर प्रत्येकाचे दूध एकाच टाकीत ओततात, पण ओतण्याआधी प्रत्येकाची फॅट लावतात. नाही तर म्हशीचे घट्ट दूध घालणारा आणि पाणी घालणारा एकाच भावाला यायचे. अलास्कात १९७७ पासून चालणाऱ्या सुमारे १,२८७ किलोमीटर लांबीच्या तेलवाहिनीत हीच व्यवस्था आहे. ज्याचे तेल उणे, त्याने भरपाई द्यायची. ज्याचे सरस, त्याला ती मिळायची. हिशेबाच्या रीतीवरून तेथे वर्षानुवर्षे दावे चालले, यावरून प्रश्न किती नाजूक आहे ते समजेल.

पण फॅट लावण्याच्या यंत्राला जो दोष दिसतच नाही, तो कोणी मुद्दाम आत सोडला तर? हे घडले आहे. सोव्हिएत काळापासून पूर्व युरोपला तेल नेणारी 'द्रुझ्बा', म्हणजे मैत्री, नावाची हजारो किलोमीटरची तेलवाहिनी आहे. एप्रिल २०१९ मध्ये बेलारूसमधल्या मोझिर कारखान्याची यंत्रे एकाएकी खराब होऊ लागली. तपासात आढळले की तेलात सेंद्रिय क्लोराइडे मर्यादेच्या अनेक पट आहेत. दहा लाखांत १० भागांची मर्यादा, आणि काही नमुन्यांत दीडशेच्याही वर! मेण विरघळवण्यासाठी असली द्रावणे तेलविहिरींत पूर्वी वापरीत. ही क्लोराइडे मिठासारखी पाण्यात उतरत नाहीत, तेलातच विरघळून राहतात. त्यामुळे धुण्याने जात नाहीत आणि मिठाच्या नेहमीच्या चाचणीत सापडतही नाहीत. हायड्रोजनच्या भट्टीत पोचल्यावर मात्र त्यांचे आम्ल होते. पोलंड, जर्मनी, स्लोव्हाकिया, हंगेरी, झेकिया या साऱ्यांकडे जाणारे तेल थांबवावे लागले. समारा परगण्यातल्या एका केंद्रातून, तेलाची चोरी झाकण्यासाठी, हे तेल मुद्दाम घातले गेले, असे रशियाच्या तपासयंत्रणांचे म्हणणे. घालणाऱ्यांचा भरवसा एवढाच असणार की अफाट प्रवाहात आपला वाटा कोणाला कळणार नाही. आणि नळात गेलेले तेल वेगळे काढता येईना. उपाय उरला तो एकच. चांगल्या तेलात ते थोडथोडे मिसळीत महिनोन्‌महिने संपवीत बसायचे.

म्हणून कच्चे तेल स्वीकारतानाच खरा पहारा असतो. जहाजातून टाकीत तेल आले की वरचा, मधला आणि तळाचा असे वेगवेगळे नमुने काढतात, कारण पाणी तळाशी बसते आणि वरचा नमुना खोटी साक्ष देतो. वाहत्या नळावर तर यंत्रच ठरावीक अंतराने थेंब थेंब गोळा करीत राहते. अशा नमुन्याच्या बाटल्या मोहोर लावून जपून ठेवतात; पुढे तंटा झाला तर बोलणार त्याच.

तयार मालाचीही गोष्ट हीच, आणि येथे ती आपल्या ट्रॅक्टरच्या टाकीपर्यंत येते. मुंबईहून मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत १९९८ पासून सुमारे २५० किलोमीटर लांबीची तेलवाहिनी आहे, आणि तेथून टँकरने मराठवाड्याकडे माल येतो. या एकाच नळातून पेट्रोल, केरोसीन, डिझेल एकामागोमाग सोडतात. मध्ये पडदा नसतो. दोन मालांच्या सीमेवर थोडी मिसळ होतेच. डिझेलमध्ये पेट्रोलचा थोडा अंश गेला तरी ते फार कमी उष्णतेला पेट घेते, म्हणून त्या दोहोंच्या मध्ये केरोसीनसारखा मधला माल सोडण्याची रीत आहे. पानेवाडीला घनतेचा काटा पाहत माणूस बसलेला असतो. काटा हलू लागला की तो येणारा प्रवाह तिसऱ्याच टाकीकडे वळवतो, आणि काटा पुन्हा स्थिर झाला की मगच डिझेलच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडतो. तिसऱ्या टाकीतला माल पुढे मापून, चाचणी करून, अगदी थोडथोडा मिसळतात, किंवा पुन्हा शुद्ध करण्यासाठी कारखान्याकडे परत धाडतात.