शाश्वत नगरनियोजन आणि सामाजिक न्याय

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास :
• शाश्वत नगरविकास आणि सामाजिक न्याय यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• वितरण, मान्यता आणि प्रक्रिया या न्यायाच्या तीन अंगांची उदाहरणे देता येतील.
• मुंबई व पुणे येथील अनुभवांचे विश्लेषण करता येईल.
• आपल्या शहराच्या विकास आराखड्याकडे न्यायाच्या दृष्टीने पाहता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण शाश्वत विकासाची संकल्पना अभ्यासली. पुढील पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता वर्तमान पिढीच्या गरजा भागविणे, अशी तिची व्याख्या १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने मांडली. या व्याख्येत पिढ्यापिढ्यांमधील न्यायाचा विचार ठळकपणे दिसतो. परंतु एकाच पिढीत, एकाच शहरात राहणाऱ्या माणसांमधील न्यायाचे काय, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

शहर हिरवे, स्वच्छ आणि सुटसुटीत करण्याच्या योजनांना सहसा कोणाचा विरोध नसतो. उद्यान, सायकल मार्ग, नदीकाठाचे सुशोभीकरण, कचऱ्याची यांत्रिक विल्हेवाट या सर्व गोष्टी इष्टच वाटतात. मात्र प्रत्येक योजनेला जागा लागते, पैसा लागतो, आणि त्या जागेवर पूर्वीपासून कोणीतरी राहत असते किंवा पोट भरत असते. योजनेचा लाभ एका गटाला आणि तिची किंमत दुसऱ्या गटाला, अशी विभागणी झाली तर पर्यावरणाचे नाव घेऊनही विषमता वाढू शकते. न्यायाचा विचार आराखडा पूर्ण झाल्यावर सवलत किंवा भरपाई म्हणून जोडून चालत नाही. तो आराखड्याच्या नियमांत, मोजणीत आणि निर्णयप्रक्रियेत पहिल्यापासून असावा लागतो, हा या घटकाचा मुख्य मुद्दा आहे.

२. न्यायाची तीन अंगे

नगरनियोजनातील न्यायाचा विचार करताना अभ्यासक साधारणपणे तीन प्रश्न विचारतात.

(अ) वितरणाचा प्रश्न : शहरातील जमीन, पाणी, मोकळ्या जागा, वाहतूक यांचा लाभ कोणाला मिळतो आणि प्रदूषण, विस्थापन, महागाई यांचा भार कोणावर पडतो?

(आ) मान्यतेचा प्रश्न : नियोजनकार कोणाला शहराचा घटक मानतात? नकाशावर आणि जनगणनेत कोण दिसते, आणि कोण केवळ ‘अतिक्रमण’ म्हणून नोंदले जाते?

(इ) प्रक्रियेचा प्रश्न : निर्णय कोण घेते? ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार आहे त्यांना तो आधी समजतो का, आणि बदलता येतो का?

फ्रेंच विचारवंत आंरी लफेव्र यांनी १९६८ मध्ये ‘शहरावरील हक्क’ ही संकल्पना मांडली. शहर घडविण्यात आणि वापरण्यात सर्व रहिवाशांचा वाटा असावा, हे तिचे सार होय. भारतात १९८५ मध्ये मुंबईतील पदपथवासीयांच्या खटल्यात, म्हणजे ओल्गा टेलिस प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने जीविताच्या हक्कात उपजीविकेच्या हक्काचाही समावेश होतो असे मानले. तथापि त्याच निकालाने कायदेशीर पद्धतीने पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. हक्क मान्य होणे आणि तो आराखड्यात उतरणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे यावरून लक्षात येते.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

चांगल्या हेतूने आखलेल्या योजनेचा भार गरिबांवर पडणे ही नवी बाब नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ पसरली. त्यानंतर १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ची स्थापना झाली. कोंदट वस्त्या हटवून रुंद रस्ते आणि हवेशीर इमारती उभारणे, हा या संस्थेचा उद्देश होता. परंतु पहिल्या काही वर्षांत जेवढ्या खोल्या पाडल्या गेल्या, त्या मानाने श्रमिकांना परवडतील अशा नव्या खोल्या उभ्या राहिल्या नाहीत. विस्थापित कुटुंबे कामाच्या ठिकाणापासून दूर जाऊ शकत नव्हती. ती जवळच्याच गर्दीच्या वस्त्यांत शिरली आणि तेथील दाटी वाढली. ज्या आजारावर उपाय योजला, त्याचेच कारण दुसऱ्या गल्लीत सरकले.

स्कॉटिश नियोजनकार पॅट्रिक गेडीस १९१४ मध्ये भारतात आले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. दाट वस्तीतून सरळ रस्ता कापत नेण्याच्या पद्धतीवर त्यांनी टीका केली. प्रथम वस्तीत पायी फिरून तिचे जीवन समजून घ्यावे, अत्यंत मोडकळीस आलेली मोजकीच घरे काढावीत आणि मोकळ्या झालेल्या लहान जागांतून हवा, प्रकाश व झाडे आत आणावीत, अशी त्यांची भूमिका होती. कमी खर्चाची आणि कमी विस्थापनाची ही पद्धत आज आपण ज्याला शाश्वत म्हणतो त्याच्या जवळ जाणारी आहे.

४. वितरणाचा प्रश्न : गिरणगावातील जमीन

मुंबईच्या गिरणगावात कापड गिरण्यांच्या ताब्यात सुमारे ६०० एकर जमीन होती. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यानंतरच्या काळात अनेक गिरण्या बंद पडत गेल्या. शहराच्या मध्यभागी इतकी जमीन पुन्हा वापरात येण्याची संधी क्वचितच मिळते. त्या जमिनीचे काय करावे, हा प्रश्न पर्यावरणाचा होता, तसाच न्यायाचाही होता.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्याचे एक उत्तर दिले. ढोबळमानाने सांगायचे तर जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश भाग परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला भाग मालकाला विकासासाठी, असे हे सूत्र होते. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एका समितीने या जमिनींच्या एकत्रित नियोजनाचाही विचार केला.

२००१ मध्ये नियमात बदल झाला. विभागणी संपूर्ण जमिनीची न करता, ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीची करावी, असे ठरले. गिरण्यांचा बहुतेक भाग शेड आणि इमारतींनी व्यापलेला होता. त्यामुळे उद्यानांचा आणि घरांचा वाटा मोठ्या प्रमाणात घटला. या बदलाला न्यायालयात आव्हान देण्यात आले. २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल याचिकाकर्त्यांच्या बाजूने लागला, परंतु २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल वैध ठरविला. म्हाडाने २०१२ पासून गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती काढल्या; मात्र अर्जदारांची संख्या उपलब्ध घरांच्या कितीतरी पट राहिली.

हे उदाहरण वाचताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. येथे शहराचे भवितव्य एखाद्या मोठ्या घोषणेने बदलले नाही. ‘जमीन’ या शब्दाचा नियमातील अर्थ बदलला आणि हजारो कुटुंबांचा वाटा बदलला. म्हणून नियोजनातील न्याय शोधताना उद्दिष्टांच्या परिच्छेदापेक्षा नियमांचा मजकूर अधिक काळजीपूर्वक वाचावा लागतो.

५. भार कोणावर? : माहुलचा अनुभव

मुंबईला पाणीपुरवठा करणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या कडेला वर्षानुवर्षे वस्त्या होत्या. जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी दोन्ही बाजूंची जागा मोकळी करावी, असा न्यायालयाचा आदेश झाला. मोकळ्या झालेल्या पट्ट्यात महापालिकेने सायकल व पादचारी मार्गाची योजना आखली. पाण्याची सुरक्षितता आणि प्रदूषणमुक्त वाहतूक ही दोन्ही उद्दिष्टे योग्यच आहेत.

परंतु विस्थापितांपैकी अनेक कुटुंबांना चेंबूरजवळील माहुल येथे घरे देण्यात आली. हा परिसर तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागून आहे. येथील हवेच्या प्रदूषणामुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच नमूद केले होते. कागदावर पुनर्वसन पूर्ण झाले. प्रत्यक्षात लोकांना श्वसनाचे व त्वचेचे आजार, दूरची शाळा आणि तुटलेला रोजगार यांना तोंड द्यावे लागले. रहिवाशांनी दीर्घकाळ आंदोलन केले व न्यायालयात दाद मागितली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही, अशी भूमिका घेऊन पर्यायी घर अथवा दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला.

एका वस्तीच्या जागी स्वच्छ वाहतुकीचा मार्ग आणि त्या वस्तीतील माणसे प्रदूषित हवेत, अशा स्थितीला शहराच्या पातळीवर शाश्वत म्हणता येत नाही. प्रदूषण कमी झाले नाही. ते कोणी सोसायचे एवढेच बदलले.

६. मान्यतेचा प्रश्न : पुण्यातील कचरावेचक

आता वेगळ्या दिशेने जाणारे उदाहरण पाहू. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचून विकणाऱ्या, प्रामुख्याने दलित समाजातील स्त्रिया, शहराचा कचरा कमी करण्याचे काम अनेक दशके करीत होत्या. परंतु त्यांच्याकडे कामगार म्हणून पाहिले जात नव्हते. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारातून आणि अन्य कार्यकर्त्यांच्या सहभागातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी राहिली. ओळखपत्र ही तिची आरंभीची मागणी होती, आणि १९९० च्या दशकातच महापालिकेने अशा ओळखपत्रांना मान्यता दिली.

२००८ मध्ये याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महापालिकेशी करार केला. सदस्य घरोघरी जाऊन वर्गीकृत कचरा गोळा करतात, त्याबद्दल प्रत्येक घराकडून ठरावीक शुल्क घेतात आणि पुनर्वापरायोग्य वस्तू विकून उत्पन्न मिळवितात. कचराभूमीवर जाणारा कचरा त्यामुळे घटतो, वाहतुकीचा खर्च वाचतो आणि उकिरड्यावर वाकण्याऐवजी घराच्या दारात वर्गीकृत कचरा हाती येतो. येथे पर्यावरणाचे हित आणि श्रमिकाचे हित एकाच व्यवस्थेत साधले आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. कराराच्या नूतनीकरणाचा प्रश्न वेळोवेळी उभा राहिला आणि उत्पन्न नियमित शुल्कावर अवलंबून राहिले. तरीही यातून एक तत्त्व हाती लागते : जे काम शहराला टिकवून धरते, ते काम करणाऱ्याला हटवून नव्हे, तर मान्यता देऊन अधिक टिकाऊ व्यवस्था उभारता येते.

७. प्रक्रियेचा प्रश्न : कायद्यातील वाटा

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील १८ विषयांत नगरनियोजनाबरोबरच दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, झोपडपट्टी सुधारणा आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन यांचाही समावेश आहे. महाराष्ट्रात विकास आराखडे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तयार होतात. या अधिनियमानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि त्यांवर सुनावणी घ्यावी लागते.

ही तरतूद निव्वळ औपचारिक नाही. मुंबईचा २०१४ ते २०३४ या काळासाठीचा प्रारूप आराखडा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा नागरिक, संघटना आणि तज्ज्ञांनी त्यातील चुका दाखवून मोठ्या संख्येने हरकती घेतल्या. राज्य शासनाने तो आराखडा नव्याने तयार करण्यास सांगितले. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आले आणि २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला.

तथापि नकाशा वाचता येणे, कार्यालयीन भाषा समजणे आणि सुनावणीसाठी दिवसाची मजुरी सोडणे प्रत्येकाला शक्य नसते. त्यामुळे केवळ हरकतीची मुभा पुरेशी ठरत नाही. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने एक पाऊल पुढे टाकले. त्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावेत आणि त्यांपैकी एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात. ज्यांच्या जागेविषयी निर्णय होतो, त्यांना निर्णयाच्या टेबलाजवळ स्थान देण्याचा हा प्रयत्न आहे.

८. सारांश

शाश्वतता आणि न्याय ही दोन स्वतंत्र उद्दिष्टे नाहीत. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आणि माहुल या उदाहरणांत एका ठिकाणचा प्रश्न दुसऱ्या ठिकाणी सरकला. म्हणजे तो सुटला नाही. गिरणी जमिनीच्या उदाहरणात नियमाच्या शब्दांनी वाटा ठरविला. पुण्याच्या उदाहरणात मान्यतेतून पर्यावरणाचा लाभ झाला. म्हणून कोणताही ‘हरित’ प्रकल्प तपासताना लाभ कोणाला, भार कोणावर, मोजणीतून कोण सुटले आणि निर्णय कोणी घेतला, हे चार प्रश्न विचारणे आवश्यक आहे. भरपाईची वेळ येण्याआधी ते विचारले गेले, तरच त्यांचा उपयोग होतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. नगरनियोजनातील न्यायाची तीन अंगे उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. विकास नियंत्रण नियम ५८ मधील २००१ च्या बदलाचे परिणाम सांगा.
३. ‘पुनर्वसन म्हणजे केवळ घर देणे नव्हे.’ माहुलच्या संदर्भात चर्चा करा.

क्षेत्रीय कार्य

आपल्या नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विकास आराखडा पाहा. आपल्या प्रभागातील उद्यान, शाळा किंवा बाजार यांसाठी आरक्षित असलेली एक जागा निवडा. तेथे आज प्रत्यक्षात काय आहे, ती जागा कोण वापरते आणि आराखडा अमलात आल्यास त्यांचे काय होईल, याची किमान पाच व्यक्तींशी बोलून दोन पृष्ठांची नोंद तयार करा.