जुना क्रँकशाफ्ट घेताय? आधी तो ओळखा, मग मोजा!

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण ही गाडी आजही रस्त्यावर दिसते. अशा गाडीचं इंजिन खोललं आणि क्रँकशाफ्ट खराब निघाला, की मालकाची पावलं बऱ्याचदा जुन्या बाजाराकडे वळतात. तेलकट ढिगातला एक क्रँकशाफ्ट उचलून दुकानदार सांगतो, 'हा ८०० चाच, एकदम स्टँडर्ड!' पण हे खरं की खोटं, ते कसं ओळखायचं?

क्रँकशाफ्टचं काम काय?

पिस्टन वर-खाली होतो, चाकं मात्र गोल फिरतात. हा बदल घडवतो क्रँकशाफ्ट. पिस्टनचा कनेक्टिंग रॉड ज्या गोल भागावर बसतो, तो क्रँकपिन. शाफ्ट इंजिनच्या ब्लॉकमध्ये ज्या भागांवर टेकून फिरतो, ते मेन जर्नल. या दोन्ही ठिकाणी पातळ बेअरिंग असतात आणि मधल्या फटीत तेलाचा थर. ५० मिलिमीटर व्यासाच्या जर्नलसाठी ही फट साधारण ०.०५ मिमी असते, म्हणजे जेमतेम डोक्याच्या केसाएवढी. सगळा खेळ या फटीचा आहे.

कोणत्या इंजिनचा आहे, हे कसं कळतं?

आधी क्रँकपिन मोजायच्या. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, म्हणून पिन तीन आणि त्या एकमेकींपासून १२० अंशांवर.

मग स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास. त्यासाठी क्रँकशाफ्ट दोन व्ही-ब्लॉकवर आडवा ठेवतात. पिन सर्वांत वर असताना तिच्या माथ्याची उंची घेतात, मग शाफ्ट फिरवून पिन सर्वांत खाली आणतात आणि पुन्हा माथ्याची उंची घेतात. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. ८०० मध्ये तो ७२ मिमी आहे.

पण नुसत्या स्ट्रोकवर भागत नाही. जिप्सीच्या ९७० सीसी इंजिनचा स्ट्रोकही ७२ मिमीच आहे, फक्त ते चार सिलिंडरचं आहे. म्हणून पिनची संख्या, स्ट्रोक, फ्लायव्हीलच्या बोल्टची भोकं आणि पुढच्या टोकाचा चावीचा खाचा हे सगळं जुळायला हवं. सोबत आपला खराब क्रँकशाफ्ट नेला, तर काम सोपं होतं.

झीज कशी मोजायची?

इथे मोजपट्टी किंवा साधा व्हर्निअर चालत नाही. ०.०१ मिमीपर्यंत मोजणारा मायक्रोमीटर लागतो. जर्नल पुसून कोरडं करायचं आणि तेलाचं भोक टाळून मोजायचं. प्रत्येक जर्नलची किमान चार मापं घ्यायची: दोन टोकांजवळ, आणि प्रत्येक ठिकाणी एकमेकांना काटकोनात दोनदा. काटकोनातल्या मापांत फरक आला, तर जर्नल लंबगोल झालंय. दोन टोकांत फरक आला, तर ते निमुळतं झालंय.

माप कमी आलं म्हणजे क्रँक बाद?

नाही, आणि नेमकी इथेच गफलत होते. समजा, नव्या जर्नलचं माप ५०.०० मिमी आहे. सगळी मापं ४९.७५ च्या आसपास सारखी आली, तर ती झीज नाही. तो क्रँकशाफ्ट आधीच एकदा ग्राइंडिंग करून ०.२५ मिमीने कमी केलेला आहे. त्याला ०.२५ अंडरसाइज बेअरिंग टाकली की तो चालतो. पण दुकानदाराच्या शब्दावर स्टँडर्ड बेअरिंग टाकली, तर ०.०५ ची फट थेट ०.३० मिमी होते. तेलाचा दाब पडतो, इंजिन ठोकायला लागतं आणि नव्या बेअरिंगचा, मजुरीचा सगळा खर्च वाया जातो.

याउलट एका दिशेने ४९.९८ आणि दुसऱ्या दिशेने ४९.९२ आलं, तर माप 'स्टँडर्ड'च्या जवळ दिसत असूनही ते जर्नल ग्राइंडिंगशिवाय वापरण्यासारखं नाही.

शेवटी दोन तपासण्या राहतात. शाफ्ट वाकलाय का, हे व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेजने पाहायचं. जर्नलच्या कोपऱ्यांत बारीक तडा आहे का, हे चुंबकीय तपासणीत कळतं. तडा निघाला, तर तो क्रँकशाफ्ट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. बाकी सगळं जुळलं, तरी बेअरिंगची खरेदी मायक्रोमीटरचे आकडे हातात आल्यावरच करायची.