यमक अडलंय? शब्दकोश ठेवा, बाराखडी म्हणा

समजा, भोंगवलीतला एखादा तरुण गावच्या यात्रेसाठी गाणं लिहायला बसला. पहिली ओळ ‘माती’वर संपली, दुसरी ‘नाती’वर. तिसरी? शब्दकोश इथे उपयोगी पडत नाही. तो पहिल्या अक्षराने लावलेला असतो आणि यमक असतं शब्दाच्या शेवटाला.

‘माती’तला ‘म’ काढा. उरलं ‘आती’. आता क पासून ह पर्यंत एकेक व्यंजन तिथे लावून बघा: खाती, गाती, चाती, छाती, जाती, पाती, राती, वाती, हाती. मग लांब शब्द, सांगाती, प्रभाती. (‘चाती’ म्हणजे चरख्याची सळई. आज किती जणांना कळेल, हा प्रश्नच आहे.)

यात ‘शेती’ का नाही? शेवटी ‘ती’ आहे, पण आधीचा स्वर वेगळा. लोकगीतात हे खपून जातं, गझलेत नाही. तिथे यमकाच्या शब्दाला काफिया आणि या आधीच्या स्वराला अलामत म्हणतात. मतल्यात माती-राती घेतलं, की पुढे ‘शेती’ चालत नाही. सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ नवोदितांनी वाचावी ती यासाठी.

‘पाऊस’ जास्त छळतो. माणूस, कापूस, ऊस... आणि यादी लवकरच आटते! इथे विभक्ती मदतीला येते. ‘पावसात’ म्हटलं, की माणसात, दिवसात, कापसात असे शब्द उघडतात. पण या सोयीतच फसगत आहे. ‘बसतो, लिहितो, उठतो’ यात फक्त प्रत्यय जुळतात. प्रत्यय झाकून बघा: बस, लिही, उठ. काहीच जुळत नाही. नवख्यांची निम्मी गाणी इथेच सपक होतात, असं माझं मत.

प्रत्येक ओळीला यमक हवंच असंही नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात. यमक फक्त दुसऱ्या-तिसऱ्याला. ग्रंथातल्या ओवीत पहिले तीन चरण जुळतात, चौथा आखूड आणि मोकळा. जात्यावरची ओवी बहुधा दोन ओळींची. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी अशा ओव्या गोळा केल्या. तो संग्रह लाखाच्या पुढे गेला. गाणाऱ्या अनेकींना लिहिता येत नव्हतं. कागद नसताना पुढची ओळ आठवायला यमकाचाच आधार असणार.

गाण्यासाठी एक जास्तीची चाचणी: शब्द मोठ्याने ओढून म्हणा. ‘माती’तली ‘ई’ हवी तेवढी लांबवता येते, ‘माणूस’ मात्र ‘स’वर मिटतो. ध्रुपदाच्या शेवटी सूर लांबवायचा असेल, तर ‘माणसा’ अशी हाक घाला. आता ‘आ’ मोकळा सुटतो, ढोल-ताशातही ऐकू येतो.